वहिनी मशीन बघायला जाते

माझ्या वहिनीनं माझ्या सख्ख्या भावाचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हा मी शेडच्या दारात उभा होतो. हातात दुधाची पिशवी होती. ती मी खाली ठेवली नाही, तोंडातून शब्द काढला नाही, मधे पडलो नाही. मला तशी सवयच होती. त्याआधीची सहा वर्षं दादा तिला मारायचा, तेव्हाही मी असाच कुठल्या तरी दारात उभा असायचो.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी पाचवीत होतो. माझ्या वह्या, चपला, शाळा सगळं त्यानं बघितलं, आणि मारही त्यानंच दिला. पट्टा, फूटपट्टी, लाटणं, हाताला लागेल ते. आई आडवी आली तर तीही भिंतीवर जाऊन आपटायची. वाईट याचं वाटतं की माणूस कामाला अव्वल होता. घरामागच्या पत्र्याच्या शेडमधे त्याचं वर्कशॉप होतं: एक लेथ, एक ड्रिल आणि एक मिलिंग मशीन. लेथवर जॉब, म्हणजे ज्याला आकार द्यायचा ते लोखंड, फिरतो आणि हत्यार जागच्या जागी असतं. मिलिंगवर उलटं. दातेरी कटर गरगर फिरतो आणि टेबलावर आवळून बांधलेलं लोखंड हळूहळू त्याच्या तोंडी जातं. हे मला दादानं नाही, वहिनीनं समजावलं.

ती लग्न होऊन आली तेव्हा वीस वर्षांची होती. आधी शेड झाडायची. मग मिलिंगवरच्या कारागिराला दादानं एकदा कानफटात मारली, तो काम सोडून गेला, आणि दादानं तिला मशीनपुढे उभं केलं. शिकवायची पद्धत एकच: जॉब बिघडला की थोबाडीत. पण दोन वर्षांत तिचा हात असा बसला की लोक तिच्याच हातचं काम मागायला लागले. दादाला ते सोसेना. एका गिऱ्हाइकानं त्याच्या तोंडावर सांगितलं, "मिलिंगचं वहिनींनाच करू द्या, तुमच्यापेक्षा सफाई आहे." गिऱ्हाईक गेलं. दादानं शांतपणे शेडचं दार लोटलं, तिचा उजवा हात मनगटाशी धरला आणि टेबलावर पडलेल्या लोखंडाच्या ताज्या किसात दाबला. तो कीस तापून निळा पडलेला असतो आणि त्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. मी दार उघडलं ते तेव्हाच. ती किंचाळली नाही. डाव्या हातानं तिनं तांब्याची हातोडी उचलली आणि एकच घाव घातला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. दादा खाली बसला आणि ती नळाखाली हात धरून उभी राहिली.

पिशवीत दोन कपडे भरून ती निघाली. जाताना मला म्हणाली, "भाऊजी, दूध तापवा. नासेल."

पुढची चौदा वर्षं तिनं दुसऱ्यांच्या वर्कशॉपमधे काढली. एका मालकानं कमरेला हात लावला, तर तिनं हातातली कानस त्याच्या मनगटावर उभी ओढली आणि राहिलेला जॉब पुरा करून मगच बाहेर पडली. दुसऱ्याकडे तिच्या शेजारच्या माणसाची तीन बोटं कटरनं नेली. ती तिनं स्वतः किसातून वेचून रुमालात बांधली आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. त्या दिवसापासून एक सवय तिनं लावून घेतली. फिरणाऱ्या भागाजवळ हात घालायचा तर नुसतं बटण बंद करून भागायचं नाही. फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे.

तिच्याकडे जाण्याची हिंमत करायला मला चार वर्षं लागली, तीही आई गेल्यावर. ती दोन खोल्यांत राहायची, मागे विटांची एक शेड होती. मी पोस्टात नोकरीला होतो, पत्रं लावायचो. सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जायचो, आम्ही जेवायचो, जुनं काही काढायचो नाही. एकदा ताट पुसता पुसता ती म्हणाली, "भाऊजी, मी आता स्वतःचं मशीन घेणार. यार्डात एक जुनं मिलिंग आलंय, बंद पडलेल्या कारखान्यातलं. बघायला जायचंय."

दादाचं वर्कशॉप केव्हाच बुडालं होतं, आणि त्याच यार्डात तो जुनी मशीनं रंगवून, बुजवून विक्रीला उभी करायचं काम करत होता.

"वहिनी, तिथं दादा असतो."

"माहीत आहे. मला मशीन बघायचंय, त्यांना नाही."

"एकटी जाऊ नकोस."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. बॅटरी धरायला माणूस लागतो."

आम्ही सकाळी दहाला पोचलो. यार्ड म्हणजे पत्र्याखाली रांगेनं उभी केलेली मेलेली मशीनं, पायाखाली तेलानं काळी झालेली माती, आणि मागच्या बाजूला ग्राइंडरचा आवाज. त्या आवाजाकडे वहिनीनं एकदा कान दिला आणि मग तो सोडून दिला. यार्डाचा शेठ खुर्चीवर बसला होता. शेजारी एक जाडजूड माणूस चहा पीत होता. पंप बनवायचा त्याचा छोटा कारखाना होता आणि तोही तेच मशीन बघायला आला होता. त्याचं जवळपास ठरलंच होतं.

"मालक नाही आले?" शेठनं वहिनीला विचारलं.

"आलेत की. मीच."

पंपवाला हसला. शेठनं हात केला तिकडे मशीन उभं होतं. छातीएवढं उंच, हिरव्या रंगानं नुकतंच न्हालेलं, वर पितळेची चकचकीत पाटी. शेठ म्हणाला, "परदेशी माल आहे. वीस वर्षांचं. पाटी वाचा."

वहिनीनं पाटी वाचली नाही, ती कशानं बसवलीय ते पाहिलं. "बॅटरी इकडे धरा," ती मला म्हणाली. पाटीला चार नवे स्क्रू होते, आणि तिच्या कडेबाहेर रंगाखाली बुजवलेली चार भोकं दिसत होती. मूळची पाटी मोठी होती, ती कुणीतरी काढून नेली होती. मग तिनं पिशवीतून रॉकेलची बाटली आणि फडकं काढलं, टेबलाचं टोक घासलं. रंगाखालून ठोकलेले आकडे वर आले. तेच आकडे तिनं उभ्या खांबावर शोधले, टेबलाखालच्या भागावर शोधले. तिन्हीकडे एकच नंबर निघाला.

"हे चांगलं," ती मला हळूच म्हणाली. "एकाचं धड दुसऱ्याचं डोकं नाहीये. एकाच मशीनचे भाग आहेत."

पट्टी लावून तिनं टेबलाचा दांडा दहा वेळा फिरवला. टेबल बरोबर दोन इंच सरकलं. "इंचातलं आहे, शेठ, मिलिमीटर येण्याआधीचं. वीस वर्षांचं कसं असेल? हे माझ्यापेक्षा मोठं आहे."

"मोठ्यांचा मान राखावा मग," शेठ म्हणाला. पंपवाला पुन्हा हसला, पण या वेळी तो खुर्ची पुढे सरकवून बघायला लागला.

माणूस तपासावा तसं तिनं ते मशीन तपासलं. दांडा थोडा उलटा फिरवून किती पोकळ जातो ते पाहिलं. टेबल मधोमध आणून त्याची पकड किंचित आवळली आणि मग ते टोकापर्यंत ढकललं. मला म्हणाली, "सगळं काम मधेच होतं, म्हणून झीज मधे होते. मधे आवळलं की झिजलेलं टेबल टोकाला जाऊन अडकतं. हे अडकतंय, पण थोडंच." मग मशीन चालू करून वीस मिनिटं तसंच फिरू दिलं, बेअरिंगवर तळहात ठेवून, डोळे मिटून. त्या तळहातावर जुने पांढरे वण होते. मग ते बंद केलं, शेडच्या खांबामागच्या बोर्डाशी गेली, मुख्य स्विच पाडला, तिन्ही फ्यूज काढले आणि खाकी शर्टाच्या खिशात टाकले. शेठ आणि पंपवाला बोलण्यात होते. मागचा ग्राइंडर चालूच होता.

टेबल ज्याच्यावर बसतं, जो टेबलाला घेऊन वरखाली होतो, तो जाड बिडाचा, ओतीव लोखंडाचा भाग तिनं शेवटी घेतला. पितळेच्या छोट्या हातोडीनं ती त्याला टकटक करत गेली. टण, टण, टण आणि मग एकाच जागी थप्प. पुन्हा थप्प. तिनं नखानं रंग खरवडला. खाली पुट्टी होती. स्क्रूड्रायव्हरनं ती उकरून काढली, तिथं रॉकेल लावलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि वरून पांढरा खडू घासला.

"आता थांबायचं," ती म्हणाली.

मिनिटभर काही झालं नाही. मग त्या पांढऱ्या जागेवर आपोआप एक काळी रेघ उमटायला लागली. चिरेत शिरलेलं रॉकेल खडूत चढत होतं. रेघ वाकडी होत होत वीतभर लांब गेली.

पंपवाल्यानं चहाचा कप खाली ठेवला. "शेठ, हे काय? मला म्हणालात की बीड अखंड आहे."

"मला काय ठाऊक! माझ्या माणसानं तपासलंय," शेठ म्हणाला आणि मागे वळून ओरडला.

ग्राइंडर थांबला. दादा हात पुसत आला. केस पिकले होते, खांदे तसेच होते. वहिनीला बघून तो क्षणभर थबकला, मग मला बघितलं, मग खडूवरची रेघ.

"ही पुट्टी तू भरलीस?" शेठनं विचारलं.

"जुनी असेल."

"ओली आहे अजून," वहिनी म्हणाली. "आणि अंगठ्यानं सारखी केलीय. तुम्ही पत्र्याची पट्टी वापरत नाही, अंगठाच वापरता."

शेठ तापला. पंपवाल्यासमोर त्यानं दादाला आईवरून शिवी दिली, चोर म्हणाला, उद्यापासून येऊ नको म्हणाला. दादा एक अक्षर बोलला नाही. तो तसा गप्प झाला की काय होतं हे त्या यार्डात फक्त दोघांना माहीत होतं. मी बॅटरी धरून जागच्या जागी उभा. आणि वहिनी? ती वळली, आणि राहिलेलं काम करायला लागली. जिथं कटर बसतो त्या स्पिंडलच्या तोंडात तिनं उजव्या हाताची चार बोटं घातली. आतला पृष्ठभाग ओरखडलाय का हे बोटांनाच कळतं. त्या तोंडाच्या कडेला दोन चौकोनी पोलादी दात असतात.

दादा दोन पावलं पुढे आला आणि त्यानं मशीनचं हिरवं बटण दाबलं.

खट्ट.

पुन्हा दाबलं. खट्ट.

मशीन हललं नाही. त्याचा अंगठा अजून बटणावरच होता आणि आम्ही चौघं त्या अंगठ्याकडे बघत होतो. वहिनीनं बोटं सावकाश बाहेर काढली, फडक्याला पुसली.

"फ्यूज माझ्या खिशात आहेत," ती म्हणाली.

मशीनं हलवायची पहार बाजूलाच टेकवलेली होती. ती त्यानं कधी उचलली ते मला दिसलंच नाही. पहिला घाव तिच्या डोक्याच्या रोखानं आला. तिनं डावा हात वर घेतला म्हणून तो हातावर बसला आणि कोपराखाली हात भलतीकडेच वळला. दुसरा घाव टेबलावर आदळला, ठिणगी उडाली. तिसऱ्यासाठी पहार वर गेली आणि त्या वेळी मी त्याच्या पाठीवर होतो.

मी कसा गेलो, सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की बॅटरी पडून फुटली. मी मागून त्याचा गळा धरला, त्यानं कोपर मागे मारलं आणि माझे पुढचे दोन दात तोंडातच सुटे झाले. आम्ही भंगाराच्या ढिगात कोसळलो. पाठीत काहीतरी घुसलं. तो माझ्या छातीवर बसला, लहानपणी बसायचा तसाच, दोन्ही गुडघे माझ्या दंडांवर, आणि दोन्ही हात माझ्या गळ्याभोवती. त्याचा चेहरा रागाचा नव्हता. कामात असायचा तेव्हा दिसायचा तसा होता. माझ्या डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. एक दंड कसाबसा सुटला आणि हाताला तुटलेल्या दातेरी चाकाचा तुकडा लागला. तो मी त्याच्या कानावर मारला. पकड ढिली झाली. दुसऱ्यांदा मारला. तो कलंडला, कुशीवर पडला, हात पसरले. मग मी गुडघ्यांवर उठलो आणि तिसऱ्यांदा मारला.

तिसऱ्याची गरज नव्हती. कुणी विचारलं नाही, म्हणून कोर्टातही मी ते सांगितलं नाही. तो पडलेला होता, आणि मी मारला, आणि मला बरं वाटलं. हात पुन्हा वर गेला होता.

"भाऊजी, बास," वहिनी म्हणाली. मोडलेला हात पोटाशी धरून ती माझ्यासमोर उभी होती. "बास. मरेल तो."

मी तुकडा टाकला. पंपवाला रस्त्यावर जाऊन ओरडत होता.

वहिनीच्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती. माझे दात गेले, पाठीला नऊ टाके पडले. दादाचा एक कान कायमचा गेला. पोलिस आले तेव्हा शेठ म्हणाला की तो लघवीला गेला होता, त्यानं काही पाहिलं नाही. साक्ष दिली ती पंपवाल्यानं. कोर्टात दादाच्या वकिलानं त्याला फिरवून फिरवून विचारलं, चुकून बटण दाबलं गेलं नसेल कशावरून? पंपवाला म्हणाला, "एकदा दाबलं असतं तर मीही चूक म्हणालो असतो, साहेब. त्यानं दोनदा दाबलं." दादाला चार वर्षांची शिक्षा झाली.

पण त्या आधीची एक गोष्ट राहिली. मारामारीला आठवडाही झाला नव्हता आणि वहिनी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून पुन्हा यार्डात गेली. मी बरोबर होतोच. शेठ खुर्चीवरून उठून उभा राहिला. "बाई, तुम्ही ते मशीन घेऊन जा. असंच घेऊन जा. पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

"असंच नको," ती म्हणाली. "चिरेसकट जो भाव होतो, तो सांगा. आणि विचारलं तर मी जे झालं तेच सांगणार, तुमच्या नावासकट."

रस्त्यात मी तिला विचारलं, एवढं रक्त सांडलं त्या मशीनवर, आणि तरी तेच कशाला? तिला माझा प्रश्नच कळला नाही. "अहो, टेबल सरकतं ती स्लाइड फारशी झिजलेली नाही. स्पिंडल आतून आरशासारखं आहे, बोटं घालून पाहिलंय मी. चीर आहे, पण भार येतो तिथं नाही. लपवलेली होती तोवर ती फसवणूक होती. आता नुसतं काम आहे."

ते काम तिनं पाच महिने केलं. चीर आणखी पळू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली. मग चिरेवर एकाला एक खेटून आटे पाडलेली भोकं, प्रत्येकात पिळून बसवलेला खिळा, वरून कापून, घासून सपाट. बिडाला घातलेले टाकेच ते. माझ्या पाठीपेक्षा तिनं मशीनला जास्त घातले, असं मी म्हणायचो. खोटी पाटी काढून तिनं भंगारात टाकली आणि त्या जागी काहीच लावलं नाही. डावा हात जरा वाकडा जुळला, तेवढा राहिला. पहिलं काम पंपवाल्याचंच आलं. तो स्वतः येऊन शेडच्या दारात उभा राहिला, चपला काढू की नको या विचारात.

दादा सुटला तो भर दुपारी पोस्टात आला. खिडकीपुढे रांग होती, तो रांगेतून आला. चांगला कान पुढे करून म्हणाला, "कुठे राहू?"

"माझ्याकडे नाही," मी म्हणालो.

"मी तुला वाढवलं."

"हो."

त्यानं खिडकीच्या आत हात घातला. कशासाठी ते मला आजही माहीत नाही, कदाचित नुसता माझा हात धरायला. पण तो आत येण्याआधीच माझी मूठ वळली होती आणि खांदा मागे गेला होता. ते त्यानं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, अगदी मायेचं.

"माझाच भाऊ," तो म्हणाला आणि रांगेतून बाहेर पडला. त्यानंतर तो मला दिसला नाही. पुढे दुसऱ्या गावात कुठल्याशा गॅरेजमधे कामाला होता आणि तिथंच वारला असं कळलं. अंत्यविधी गॅरेजवाल्यांनी केला.

त्या दिवशी पोस्टातून मी थेट वहिनीकडे गेलो. ती मशीनवर होती, चाकाचे दाते पाडत होती. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. मूठ, खांदा, त्याचं हसणं. आणि कधी नाही ते, तिसरा घावही सांगितला. मला कसं बरं वाटलं होतं, तेही.

तिनं हातातला दात पुरा केला. मग मशीन बंद केलं, बोर्डाशी जाऊन फ्यूज काढले, खिशात टाकले.

"मी तिथंच उभी होते, भाऊजी. पाहिलंय मी." फडक्यानं ती टेबल पुसायला लागली. "सहा वर्षांत बास हा शब्द मी किती वेळा म्हटला असेल, मोजदाद नाही. एकदाही ऐकला गेला नाही. यार्डात गेला."

एवढं म्हणून तिनं ब्रश माझ्या हातात दिला आणि टेबलाच्या खाचांतला कीस काढायला सांगितलं. बोटांनी नको, ब्रशनंच, असंही बजावलं. मी खाचा साफ करत बसलो, आणि ती आत कुकर लावायला गेली.